विल्यम ब्रूस आणि लॉरी बेटावरील वेधशाळा

नकाशावर दक्षिण अमेरिकेच्या अगदी टोकाशी बोट ठेवावे आणि तेथून आग्नेय दिशेने ते समुद्रावरून हळूहळू सरकवावे. बरेच अंतर गेल्यावर काही बारीक ठिपके दिसतात. ती दक्षिण ऑर्कनी बेटे होत. त्यांपैकी लॉरी नावाचे एक बेट सुमारे १९ किलोमीटर लांब आहे. तेथे झाड नाही, झुडूप नाही. उघड्या कातळावर दगडफूल व शेवाळ एवढीच काय ती हिरवळ. उन्हाळ्यात किनाऱ्यावर पेंग्विन पक्ष्यांच्या वसाहती भरतात आणि सील प्राणी येऊन पहुडतात. हिवाळ्यात भोवतालचा समुद्रच गोठून जातो. आकाश बहुधा ढगांनी झाकलेले असते आणि वारा क्वचितच थांबतो. अशा या बेटावर १९०३ सालापासून हवामानाची नोंद अखंड चालू आहे. ध्रुवखंडाच्या परिसरात इतकी जुनी व सलग नोंद दुसरी कोठेही नाही. ती सुरू करणारा मनुष्य म्हणजे विल्यम स्पिअर्स ब्रूस.

ब्रूसचा जन्म १ ऑगस्ट १८६७ रोजी लंडन येथे झाला. त्याचे वडील शस्त्रवैद्य होते आणि मुलानेही तोच व्यवसाय करावा अशी त्यांची स्वाभाविक अपेक्षा होती. लंडनच्या विद्यापीठात वैद्यकीचे शिक्षण घेण्याचे ठरलेही होते. परंतु १८८७ सालच्या सुट्टीत तो स्कॉटलंडमध्ये एडिंबरो शहराजवळ भरलेल्या निसर्गविज्ञानाच्या वर्गास गेला, आणि त्याच्या आयुष्याची दिशा बदलली. तेथे समुद्रकिनारीच्या एका प्रयोगशाळेत जिवंत प्राणी व वनस्पती हाताळून शिक्षण दिले जाई. शिकविणाऱ्यांत पॅट्रिक गेडिस हे होते. हेच गेडिस पुढे १९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक म्हणून आले. या वर्गाची गोडी ब्रूसला अशी लागली की त्याने लंडनचा विचार सोडला आणि एडिंबरोच्याच वैद्यकीय महाविद्यालयात नाव घातले. त्या काळी ‘चॅलेंजर’ जहाजाने जगातील महासागरांतून गोळा करून आणलेल्या असंख्य नमुन्यांची छाननी त्या शहरात चालू होती. ब्रूस फावल्या वेळात तेथे जाऊन विनावेतन काम करी. त्याचे वैद्यकीचे शिक्षण मात्र पुरे झाले नाही. तो डॉक्टर झाला नाही.

१८९२ साली डंडी बंदरातून चार जहाजे देवमाशांच्या शिकारीसाठी दक्षिणेस निघाली. त्यांपैकी ‘बलीना’ या जहाजावर ब्रूसला निसर्गशास्त्रज्ञ म्हणून जागा मिळाली. वय पंचविशीचे, मनात केवढे तरी मनोरथ! प्रत्यक्षात निराळेच घडले. ज्या जातीच्या देवमाशांसाठी जहाजे निघाली होती ते सापडले नाहीत, म्हणून खलाशांनी हजारो सील मारून त्यांची कातडी व चरबी भरून घेतली. धंद्याच्या त्या गर्दीत शास्त्राला विचारतो कोण? किनाऱ्यावर उतरावे, नमुने जमवावे, मोजमापे घ्यावीत अशी ब्रूसची तळमळ. कप्तानाला त्यात वेळेचा अपव्यय दिसे. ब्रूस परतला तो असमाधानी होऊन. तरी दक्षिणेकडे पुन्हा जायचे, आणि तेही केवळ ज्ञानासाठी, हा निश्चय त्याने बरोबर आणला.

हा योग येण्यास दहा वर्षे लागली. मधल्या काळात त्याला जी शिदोरी मिळाली तिचा मोठा वाटा बेन नेव्हिस या पर्वतावरचा होता. बेन नेव्हिस हे ब्रिटनमधील सर्वांत उंच शिखर. उंची १३४५ मीटर. आपल्या कळसूबाईहून ते कमी उंच आहे, परंतु तेथील हिवाळा कळसूबाईच्या शिखराने कधी पाहिलेला नाही. १८८३ साली लोकांनी वर्गणी काढून या शिखरावर दगडी वेधशाळा बांधली. तिथला नियम एकच होता: दिवस असो वा रात्र, तुफान असो वा शांतता, दर तासाला सर्व उपकरणे वाचून आकडे वहीत उतरवायचे. वायुभारमापकातील पारा किती उंचीवर आहे, उष्णतामापक काय दाखवितो, वारा कोठून व किती जोराने वाहतो, ढग कोणत्या प्रकारचे आहेत, पाऊस वा हिम किती पडले, हे सारे तासातासाला टिपले जाई. हिवाळ्यात दरवाजा हिमाखाली गाडला जात असे. तेव्हा छपरावरच्या मनोऱ्यातून बाहेर पडावे लागे. उपकरणांवर बर्फाचे थर बसत, ते फोडून काढावे लागत.

१८९५ च्या सप्टेंबरात ब्रूस या वेधशाळेत रुजू झाला व पुढील वर्षीच्या जूनपर्यंत तेथे राहिला. येथे त्याने जे शिकून घेतले ते कोणत्याही पुस्तकातून मिळाले नसते. हवामानाची एकटी नोंद म्हणजे दोरा नसलेला मणी होय. आज पारा अमुक इतका उतरला, यावरून फारसे काही उमगत नाही. काल तो किती होता, गेल्या वर्षी या महिन्यात सरासरी किती होता, दुसऱ्या ठिकाणी त्याच वेळी किती आहे, हे ठाऊक असेल तरच त्या आकड्याला अर्थ येतो. म्हणून नोंद एकाच जागी, ठरलेल्या वेळी, एकाच रीतीने व्हावी लागते. आणि ती तुटून चालत नाही. एका रात्री निरीक्षक झोपून राहिला तर त्या रात्रीची हवा पुन्हा कोणालाही मोजता येत नाही.

जून १८९६ मध्ये उत्तर ध्रुवाकडील फ्रान्झ जोसेफ बेटांवर जाण्याची संधी ब्रूसला आली. तयारीला पुरते दिवसही मिळाले नाहीत; शिखरावरून उतरला आणि जवळजवळ तसाच जहाजावर चढला. त्या बेटांवर पोहोचताच त्याला कोण भेटावे? प्रसिद्ध नॉर्वेजियन संशोधक नान्सेन! बर्फातून पायपीट करून नान्सेन नुकताच तेथे पोहोचला होता व परतीच्या जहाजाची वाट पाहत होता. दोघांचा जो स्नेह जुळला तो पुढेही टिकला. त्यानंतर नोवाया झेम्ल्या व स्पिट्सबर्गेन या बेटांकडेही ब्रूसच्या सफरी झाल्या. ध्रुवप्रदेशात राहावे कसे, खावे काय, काम करावे कसे, याचा एवढा अनुभव त्या काळच्या ब्रिटनमध्ये फार थोड्यांजवळ होता.

याच सुमारास लंडनची रॉयल जिऑग्राफिकल सोसायटी दक्षिण ध्रुवखंडाकडे एक मोठी मोहीम धाडण्याच्या तयारीत होती. कॅप्टन स्कॉटची पहिली मोहीम ती हीच. ब्रूसने १८९९ साली या मोहिमेत काम करण्याची इच्छा कळविली. पक्के उत्तर येईना. जवळजवळ एक वर्ष असेच गेले. मग ब्रूसने स्कॉटलंडमधून एक स्वतंत्र जहाज नेण्याचा बेत मांडला. हे ऐकून सोसायटीचे अध्यक्ष सर क्लेमंट्स मार्कहॅम रागावले. ही तर आपल्या मोहिमेशी केलेली चढाओढ, असे त्यांनी मानले. ब्रूसला चढाओढ करायची नव्हती. तो जेथे जाऊ इच्छीत होता तो समुद्रही वेगळा होता. पण मनात एकदा अढी बसली की ती लवकर निघत नाही. या अढीची किंमत ब्रूसला जन्मभर मोजावी लागली.

पैशाचा प्रश्न पेझ्ली गावच्या कोट्स घराण्याने सोडविला. शिवणाच्या दोऱ्याचे हे मोठे कारखानदार. खर्चाचा बहुतांश भार त्यांनी उचलला. नॉर्वेतून एक जुने शिकारी जहाज विकत घेऊन ते दुरुस्त करण्यात आले व त्याला ‘स्कोशिया’ हे नवे नाव मिळाले. स्कोशिया म्हणजे स्कॉटलंड. २ नोव्हेंबर १९०२ रोजी ‘स्कोशिया’ने ट्रून बंदर सोडले. कप्तान होता थॉमस रॉबर्टसन, आणि हवामानाचे खाते रॉबर्ट मॉसमन या बेन नेव्हिसवर काम केलेल्या तज्ज्ञाकडे होते. गिल्बर्ट कर नावाचा एक पाईपवादकही बरोबर होता. कारण वाद्याशिवाय स्कॉटिश मंडळी घराबाहेर पडत नाहीत.

फेब्रुवारी १९०३ मध्ये जहाज वेडेल समुद्रात ७० अक्षांशाच्या पलीकडे गेले. परंतु उन्हाळा सरत आला होता, भोवती नवा बर्फ धरू लागला होता. जहाज तेथे अडकले तर काय होईल ते ब्रूस जाणत होता. त्याने जहाज उत्तरेकडे वळविले, आणि मार्च महिन्याच्या अखेरीस ते लॉरी बेटाच्या एका उपसागरात आसऱ्याला आले. थोड्याच दिवसांत समुद्र गोठला आणि ‘स्कोशिया’ जागच्या जागी जखडली गेली. पुढे आठ महिने ती हलली नाही.

आता एखाद्याने हिवाळाभर जहाजात शेकोटीजवळ बसून काढला असता. ब्रूसने किनाऱ्यावर घर बांधावयास घेतले. चुना नाही, विटा नाहीत, लाकूड थोडे. बेटावर मुबलक होते ते फक्त दगड. बर्फात गोठलेले दगड उकरून, घसरगाडीवर लादून आणावयाचे व एकावर एक रचावयाचे. अशा कोरड्या रचाईने रुंद भिंतींचे एक चौकोनी घर उभे राहिले. छपरासाठी लाकूड व जहाजाचे कापड वापरले. एडिंबरोच्या ज्या रॉबर्ट ओमंड यांनी बेन नेव्हिसच्या वेधशाळेची धुरा वाहिली होती त्यांचे नाव या घराला दिले: ओमंड हाउस. जवळच उपकरणे मांडण्यात आली आणि १९०३ च्या एप्रिल महिन्यात पहिले आकडे वहीत पडले.

या बेटावरची हवा मोठी लहरी. वायव्येकडून वारा येऊ लागला की तो मोकळ्या समुद्रावरून येतो. उष्णतामान चढते, धुके दाटते, ओले हिम पडते. वारा फिरून दक्षिणेकडून वाहू लागला की तो वेडेल समुद्राच्या बर्फावरून येतो. मग पारा झरझर उतरतो. एकाच दिवसात असा पालट होऊ शकतो. याचे कारण असे की, या अक्षांशांवर पृथ्वीभोवती बहुतेक समुद्रच समुद्र आहे. वाऱ्याला अडविणारी जमीन नाही. त्यामुळे कमी वायुभाराची वादळे एकामागून एक पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरत राहतात. लॉरी बेट त्यांच्या वाटेत उभे आहे. पारा घसरू लागला की वादळ जवळ आले, आणि वाऱ्याने दिशा पालटली की वादळाचा मध्य पुढे सरकला, हे तेथील निरीक्षक थोड्याच दिवसांत ओळखू लागले. एवढा अंदाज डोळ्यांनी आणि एका नळीतल्या पाऱ्याने बांधता येतो. पण वादळे कोणत्या वर्षी अधिक येतात, बर्फ कोणत्या वर्षी लवकर धरतो, याचे उत्तर हवे असेल तर अनेक वर्षांच्या वह्या हव्यात.

जेवणात सीलचे व पेंग्विनचे मांस असे, पुढे पेंग्विनची अंडीही मिळू लागली. ताजे मांस असल्याने मंडळींची प्रकृती बरी राहिली. एक आघात मात्र झालाच. जहाजाचा मुख्य अभियंता अ‍ॅलन रॅमसे हा हृदयविकाराने ६ ऑगस्ट १९०३ रोजी मरण पावला. गोठलेली जमीन खोदून त्याला बेटावरच पुरण्यात आले आणि जवळच्या एका डोंगरास त्याचे नाव देण्यात आले.

नोव्हेंबरच्या अखेरीस बर्फ फुटला. बर्फाला सुरुंग लावून व करवतींनी कापून वाट मोकळी करण्यात आली. ‘स्कोशिया’ निघाली, पण ओमंड हाउस रिकामे राहिले नाही. मॉसमन व पाच सोबती आकडे लिहीत तेथे थांबले. ब्रूस अर्जेंटिनाच्या राजधानीकडे, ब्वेनोस आयरेसकडे गेला. जहाजाची दुरुस्ती व्हायची होती आणि कोळसा व धान्य भरायचे होते. त्याच्या मनात मात्र दुसरीच काळजी घर करून होती.

ही मोहीम खासगी देणग्यांवर चाललेली होती. एखाद्या वर्षाने सर्वजण घरी परतणार, हे उघड होते. मग वेधशाळेचे काय? एका वर्षाचे आकडे घेऊन घराला कुलूप लावायचे की ही नोंद पुढे चालावी म्हणून ती परक्या देशाच्या स्वाधीन करायची? ब्रूसचे स्कॉटलंडवर अपार प्रेम होते. आपल्या मोहिमेला त्याने ‘स्कॉटिश राष्ट्रीय मोहीम’ असेच नाव दिले होते. आपल्या माणसांनी बर्फ उकरून बांधलेले घर दुसऱ्या निशाणाखाली देणे ही त्याच्यासारख्याला सोपी गोष्ट नव्हती. पण निशाण आणि नोंद यांतून निवड करायची वेळ आली तेव्हा त्याने नोंद निवडली.

वेळही अनुकूल होती. त्याच डिसेंबरात अर्जेंटिनाचे ‘उरुग्वे’ हे जहाज बर्फात अडकलेल्या स्वीडिश मोहिमेची सुटका करून परतले होते आणि ध्रुवप्रदेशाविषयी त्या देशात मोठी उत्सुकता होती. ब्रूसने आपला प्रस्ताव मांडला. तेथील ब्रिटिश वकिलाने त्याला साहाय्य केले, आणि अर्जेंटिनाच्या हवामान खात्याने वेधशाळा चालविण्याचे मान्य केले. जानेवारी १९०४ मध्ये ‘स्कोशिया’ पुन्हा दक्षिणेस निघाली तेव्हा तिच्यावर नवे तीन निरीक्षक होते. त्यांतील ह्यूगो आकुन्या हा अर्जेंटिनाचा तरुण अवघा अठरा वर्षांचा होता. बेटावर टपालघर चालविण्याचे कामही त्याच्याकडेच होते. २२ फेब्रुवारी १९०४ रोजी वेधशाळा अर्जेंटिनाच्या हाती आली. मॉसमन व स्वयंपाकी स्मिथ हे दोघे नव्यांना काम शिकविण्यासाठी मागे राहिले. हस्तांतराच्या गडबडीतही नोंदीत खंड पडला नाही. पुढे या बेटाच्या मालकीवरून दोन राष्ट्रांत वाद झाले. १९५९ सालच्या अंटार्क्टिक कराराने असे सारे दावे बाजूला ठेवले.

ब्रूस तेथून पुन्हा वेडेल समुद्रात शिरला. मार्च १९०४ मध्ये ७४ अक्षांशापर्यंत पोहोचून त्याने एक अज्ञात किनारा शोधून काढला आणि त्याला कोट्सलँड हे नाव दिले. येथे जहाज बर्फात काही दिवस अडकले. हिवाळा येथेच काढावा लागणार अशी धास्ती वाटत असताना गिल्बर्ट करने एका एम्परर पेंग्विनसमोर पाईप वाजविला. त्याचे छायाचित्र जगभर गाजले. पेंग्विन गाण्यात रंगून उभा आहे असे ते पाहणाऱ्याला वाटते. खरे म्हणजे तो पळू नये म्हणून त्याला बांधून ठेवले होते. परतीच्या वाटेवर ब्रूसने आणखी एक हिशेब तपासला. पूर्वी रॉस या दर्यावर्द्याने या समुद्रात एके ठिकाणी ४००० फॅदम दोर सोडूनही तळ लागला नाही, असे नोंदविले होते. ब्रूसने तेथेच दोर सोडला. सुमारे २६६० फॅदमवर तळ लागला. नकाशावरची एक मोठी चूक त्यामुळे दुरुस्त झाली.

२१ जुलै १९०४ रोजी ‘स्कोशिया’ क्लाइड नदीच्या मुखाशी परतली. राजाची अभिनंदनाची तार आली, स्कॉटलंडच्या भौगोलिक संस्थेने सुवर्णपदक दिले. त्याच वर्षी बेन नेव्हिसवरील वेधशाळा मात्र पैशाअभावी बंद झाली. दक्षिणेतील लेक जगली आणि आई गेली, असेच म्हणावे लागेल.

स्कॉटच्या माणसांना राजाकडून ध्रुवपदक मिळाले. पुढे शॅकल्टनच्या माणसांनाही मिळाले. ‘स्कोशिया’च्या माणसांना ते मिळाले नाही. ब्रूसने अर्ज केले, मित्रांनी विनंत्या केल्या. स्वतःपेक्षा आपल्या सोबत्यांसाठी त्याची ही खटपट होती. उत्तर नेहमी नकाराचे आले. १९०६ साली त्याने एडिंबरो येथे समुद्रविज्ञानाची प्रयोगशाळा उघडली आणि मोहिमेतील निष्कर्षांचे ग्रंथ एकामागून एक छापून काढले. हवामानाच्या आकड्यांना त्यांत मानाचे स्थान होते. १९१९ साली पैशाअभावी ही प्रयोगशाळाही बंद करावी लागली. मोहिमेची हकीकत सांगणारा त्याचा स्वतःचा खंड तर त्याच्या हयातीत छापलाच गेला नाही. तो १९९२ साली प्रसिद्ध झाला.

दीर्घ आजारानंतर २८ ऑक्टोबर १९२१ रोजी ब्रूसने देह ठेवला. त्याच्या इच्छेप्रमाणे त्याची रक्षा दक्षिणेकडे नेण्यात आली आणि १९२३ च्या ईस्टरच्या सोमवारी साउथ जॉर्जिया बेटाजवळच्या समुद्रात सोडण्यात आली.

लॉरी बेटावर अजूनही वर्षातून एकदाच जहाज येत असे. त्यामुळे तेथे नोंदविलेले आकडे देशी पोहोचेपर्यंत ते वादळ कधीच विरून गेलेले असे. उद्याच्या हवेचा अंदाज बांधायला त्यांचा उपयोग नव्हता. १९२७ साली बेटावर बिनतारी संदेशयंत्र बसले आणि त्यानंतर तेथील वायुभार त्याच दिवशी ब्वेनोस आयरेसला कळू लागला. जुन्या वह्यांचा उपयोगही पुढे ध्यानात आला. पृथ्वीचे उष्णतामान वाढत आहे की काय, हा प्रश्न जेव्हा शास्त्रज्ञांसमोर उभा राहिला, तेव्हा त्या थंड प्रदेशातले शंभर वर्षांचे सलग आकडे दुसऱ्या कोणाजवळ नव्हते. त्या वह्यांतून बेटाचे उष्णतामान वाढल्याचे स्पष्ट दिसले.

आज तेथे अर्जेंटिनाचे नवे केंद्र आहे. ऑर्काडास हे त्याचे नाव. ओमंड हाउस मोडकळीस आले असून त्याच्या दगडी भिंतींचे अवशेष जपून ठेवण्यात आले आहेत. जवळच एक लहान दफनभूमी आहे. वेधशाळेत काम करता करता मरण पावलेल्या काही निरीक्षकांची थडगी तेथे आहेत. त्यांतील सर्वांत जुने १९०३ सालचे, अ‍ॅलन रॅमसेचे.